उस्तादांची कात्री

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळी गल्ली ‘कारागीर’ म्हणायची. तीन खुर्च्यांचं दुकान, भिंतभर आरसा, मागे छोटंसं अंगण आणि अंगणाला लागून दोन खोल्यांचं घर. एकतीस वर्षांत इतकी डोकी हाताखालून गेली होती की रस्त्यात माणूस पाठमोरा दिसला तरी हा त्याला मानेवरून ओळखायचा. स्वभावाने गरीब, पण एका बाबतीत महाखडूस. काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेली कात्री केसांखेरीज कशालाही लावलेली त्याला खपत नसे. एकदा बायकोने त्या कात्रीने पिशवीचा दोरा कापला, तर या गृहस्थाने दोन दिवस अबोला धरला. “मी हरवले असते तरी यांनी एवढं मनाला लावून घेतलं नसतं,” असं बायको अजून ऐकवते.

अशा माणसाच्या दुकानात एका सकाळी कुत्री घुसली. शटर अर्धं वर गेलं नाही तोच त्याच्या पायांतून सुसाट आत शिरली आणि बाकाखाली, अगदी भिंतीला चिकटून बसली. असेल सात-आठ महिन्यांची. गळ्यात निळी नायलॉनची दोरी. पिल्लू असताना कोणीतरी बांधली असणार. कुत्री वाढली, दोरी वाढली नाही. तिच्या कडेने केस झडून कातडी लालभडक झाली होती.

कारागिराने गुडघे टेकले आणि गिऱ्हाइकाचं डोकं धरावं तसा वरून हात पुढे केला. कुत्रीने जागच्या जागी लघवी केली. ती इतकी थरथरायला लागली की बाकाचा सैल स्क्रू वाजू लागला. कारागिराने हात मागे घेतला. त्याच्या हाताला आजवर असं कोणी भ्यालं नव्हतं आणि ते त्याला फार लागलं.

पलीकडच्या चौकातली गुरांची डॉक्टरीणबाई येऊन दारातूनच बघून गेली. “दोरी अजून रुतलेली नाही, पण रुतायला आलीय,” ती म्हणाली. “पंधरा दिवस धरा. तेवढ्यात दोरी तुमच्या हाताने कापली गेली तर सोनं झालं. नाहीतर जाळं टाकून पकडायला लागेल. जीव वाचेल, पण एवढी भेदरलेली कुत्री त्यानंतर माणसाच्या वाऱ्याला उभी राहील असं मला वाटत नाही.”

“मग मी करू काय?”

“काहीच करू नका. तिच्याकडे बघू नका, डोक्यावर हात नेऊ नका. खायला टाका आणि आपलं काम करा.”

बायकोने कपाळावर हात मारला. “म्हणजे घरात जे करता तेच. जमेल तुम्हाला.” आणि आत जाऊन अंडं उकडायला ठेवलं. कुत्रीला ‘राणीसाहेब’ हे नाव तिनेच ठेवलं. दिवसभर बाकाखाली लोळायचं आणि जागेवर जेवण मागवायचं, दुसरं काय म्हणणार?

तीन दिवस कारागीर नुसताच चडफडला. मग त्याला लहान पोरं आठवली. पहिल्यांदा खुर्चीत बसलेलं पोर भोकाड पसरतं, तेव्हा तो त्याला धरून ठेवत नसे. लांब उभा राहून हवेतच कात्री चालवायचा, किचकिच, किचकिच. पोर बघायला लागलं की एक पाऊल जवळ. एवढी पोरं गप्प केली आणि हे सुचायला तीन दिवस लागले, म्हणून त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली.

मग दुकानात नवाच प्रकार सुरू झाला. कात्री हवेत दोनदा वाजायची आणि अंड्याचा तुकडा बाकाजवळ पडायचा. हळूहळू बाकापासून वीतभर लांब, मग हातभर. सहाव्या दिवशी एका गिऱ्हाइकाचे केस कापताना खरीखुरी कात्री चालली, तर राणीसाहेबांचं नाक बाहेर. गिऱ्हाईक म्हणालं, “माझ्या केसांचा वास आवडलेला दिसतोय.” कारागिराला हसूही येईना. तो नाकाकडे न बघण्याच्या खटपटीत होता.

त्या दुपारी दुकान रिकामं होतं. तो दमून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, आरशात बघितलं आणि श्वासच विसरला. कुत्री बाकाबाहेर येऊन बसली होती आणि आरशातून थेट त्याच्याकडे बघत होती. त्याची मान वळली की पळणारी ती, आता डोळेही मिटत नव्हती. एकतीस वर्षं माणसं त्याच्याशी आरशातूनच बोलत आली होती. जे तोंडावर सांगवत नाही ते त्या काचेत बघून सांगायची. आता हे मुकं जनावर त्याच रांगेत येऊन बसलं होतं.

डॉक्टरीणबाईला सांगितलं तर ती म्हणाली, “कुत्र्याला आरसा कितपत कळतो, मला नाही सांगता येणार. तुमची पाठ तिच्याकडे आहे, एवढं तिला नक्की कळतं.” कारागिराने मान डोलावली, पण त्याला जे दिसलं होतं ते दिसलं होतं.

नवव्या दिवशी तिने त्याच्या बुटाला नाक लावलं. दहाव्या दिवशी त्याने घात केला. एका म्हाताऱ्या मास्तरांचे केस झाले, त्याने त्यांच्या अंगावरचं कापड काढलं आणि सवयीने फाट्‌कन झटकलं. हात डोक्याला विचारून थोडाच चालतो! कापडाचा आवाज झाला आणि कुत्री किंचाळून मागच्या दाराने अंगणात, पाण्याच्या टाकीमागे. दिवसभर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अंडं तसंच पडून वाळलं.

“मीच तिला हाकललं,” तो जेवताना म्हणाला. बायकोने या वेळी चेष्टा केली नाही. सकाळी तिने दुकानात पाटी लावली, ‘कापड झटकले जाणार नाही.’ तेव्हापासून कापड घडी घालून, गल्लीच्या टोकाला नेऊन झाडलं जाऊ लागलं. मास्तरांनी तर एकदा स्वतःच नेलं.

तेराव्या दिवशी सुट्टी होती. कारागीर आरशासमोर फरशीवर मांडी घालून बसला, मागचं दार उघडं ठेवून, पाठ दाराकडे. अकरा वाजले, बारा वाजले. बायको दाराआड उभी होती. तिच्या हातात शिवणाची जाड कात्री. “ही घ्या,” ती कुजबुजली. “नायलॉन आहे. तुमच्या कात्रीची धार जाईल.”

तो आरशात बघत हळूच म्हणाला, “तिला हिचाच आवाज माहीत आहे.”

त्याने उस्तादांची कात्री हवेत वाजवली. पुन्हा वाजवली. आरशाच्या कडेला एक कान दिसला. मग ती आली, पोट जमिनीला घासत, चार पावलं पुढे आणि दोन मागे, आणि त्याच्या मांडीशी थांबली. त्याने हात खालून नेला. हनुवटी तळव्यावर आली. केवढं वजन होतं त्या हनुवटीत! बोट दोरीखाली सरकवलं तेव्हा तिच्या गळ्याची नाडी त्याच्या बोटावर धाडधाड आपटत होती. ती थरथरत होती आणि तरीही हलत नव्हती. एवढं भय पोटात घेऊन एखादा जीव जागेवर थांबू शकतो, हे त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि आरसा धूसर झाला.

किच. एक पदर तुटला. तो थांबला. आरशात ती त्याच्याकडे बघत होती. किच. पुन्हा थांबला. सात वेळा कात्री चालली, आणि दरवेळी पात्याची धार मरत असल्याचं त्याच्या बोटांना कळत होतं. सातव्यांदा दोरी फरशीवर पडली. दाराआड बायको तोंडाला पदर लावून रडत होती.

कात्री कामातून गेली. धार लावणाऱ्याने बघून मान हलवली. कारागिराने नवी घेतली, चांगली महागाची. तिने गिऱ्हाइकांचे केस उत्तम कापले जातात, पण राणीसाहेब तिच्या आवाजाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

म्हणून संध्याकाळी शटर खाली घ्यायच्या आधी तो खिळ्यावरची बोथट कात्री काढतो आणि आरशासमोर दोनदा वाजवतो. ती अंगणातून धावत येते, आता पोट न घासता, चारही पायांवर ताठ, आणि गळ्यावरचा तो बिनकेसांचा पट्टा स्वतः त्याच्या हातावर आणून ठेवते.