वांगं करपलं, बरं झालं!

मंडळी, आज माझ्या हातून भरताचं वांगं करपलं आणि कुणी मला एक शब्द बोललं नाही. ऐका तर खरं.

माझे सासरे, आमचे आबा, कोरोनामुळे आठवडाभर पुढच्या खोलीत एकटे आहेत. ताप उतरला, पण वास आणि चव गेली ती गेलीच. "माती खाल्ल्यासारखं लागस," म्हणतात आणि ताट तसंच परत पाठवतात.

दर हिवाळ्यात पारोळ्याजवळच्या आमच्या शेतात भरीत पार्टी असते. जाळापाशी बसायचा मान आबांचा, दुसऱ्या कुणी वांग्याला हातसुद्धा लावायचा नाही! यंदा शेत नाही, पाहुणे नाहीत, घर नुसतं गारठलेलं. म्हणून आज मी मागच्या अंगणातच कपाशीच्या काड्या पेटवल्या. सासूबाई आत कळण्याच्या भाकरी थापत होत्या.

मी मिरच्या आणायला आत आले आणि बहिणीचा फोन आला. बोलत बसले.

तेवढ्यात बंद दाराआडून आबा गरजले, "अव, वांगं जळी ऱ्हायनं! पलटाडा ना कोणी!"

'तुम्हाला तिथून काय दिसतंय?' असं चिडून म्हणणार होते, आणि थबकले. आबांच्या खोलीतून अंगण दिसतच नाही.

आम्ही दोघी अंगणात धावलो. मी वांगं उलटायला वाकले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे जरासं. आखो एकदा वरडू दे त्यासले."

तुमच्या घरी आज कोण ओरडलं?