कळंबला मी मेलो तेव्हा

चहाचे कप आधी खाली ठेवा. मागे हाच किस्सा ऐकताना एका वकिलाने माझ्या नव्या सदऱ्यावर चहा सांडला होता, आणि भरपाई मागितली तर म्हणाला, चूक सांगणाऱ्याची आहे. तर ठेवले कप? ऐका मग. मी आयुष्यात एकदा मेलो आहे. कळंबला, भर दुपारी, पोलिसांच्या देखरेखीखाली.

चीनच्या लढाईनंतरचा काळ. मी यवतमाळला एका नागपुरी दैनिकाचा बातमीदार होतो. बी.ए. झालेला, तरुण, आणि सरकारी माणूस दिसला की माझ्या पेनाचं टोपण आपोआप उघडायचं. समोरच्याचं वाक्य मी पूर्ण होऊ देत नसे. वाक्य पूर्ण करायला सवड दिली की सरकारी माणूस त्यात सबब घालतो, असा माझा अनुभव होता. आजही आहे.

त्या हिवाळ्यात कळंबच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गंजीला आग लागली. पोलिस पोचले तेव्हा गंजीची राख झाली होती. मग त्या राखेवर मात्र चोख पहारा बसला! मी मथळा दिला, ‘आगीला मोकळं रान, राखेला पहारा’. मथळा चांगलाच आहे, तुम्ही मान्य करा अगर करू नका.

तो वाचून यवतमाळचे मोठे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे पोलिसप्रमुख, खवळले. त्यांनी कळंबच्या राऊत फौजदाराला हुकूम सोडला: ‘संकटात पोलिसांनी काय करायचं, त्याचा सराव माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवा.’ आग खोटी, जखमी खोटे, पोलिस खरे. गावात दवंडी फिरली. अख्ख्या कळंबला ठाऊक झालं. ज्याच्या लेखामुळे हे सगळं चाललं होतं, तो मी मात्र तेव्हा ढाणकीच्या बाजारात कापसाचे भाव विचारत हिंडत होतो. तिथून परतलो आणि थेट कळंबची एस.टी. धरली. आगीच्या बातमीचा पुढचा भाग लिहायचा होता ना!

आणखी एक गोष्ट मला मागाहून कळली, तुम्हाला आत्ताच सांगतो. खोटे जखमी आणायचे कुठून, हा फौजदारापुढचा प्रश्न. होमगार्डची पोरं झोपवून पाहिली, तर ती खिदळायला लागली. म्हणून त्याने शेजारच्या खेड्यातले दंडारवाले बोलावले. दंडार म्हणजे आमच्याकडचं गावरान नाटक. रात्रभर राजा-राणी-राक्षस करणारी ही माणसं, कण्हायला लावली तर कशी कण्हतील?

जिनाच्या आवारात शिरलो. ओल्या पाल्याचा दाट धूर कोंडलेला. उन्हात आठ माणसं आडवी पडलेली, कुणाचं डोकं लाल, कुणाचा पाय लाल. तो गेरू होता, पण धुरात गेरू आणि रक्त वेगळं कोण काढणार? एकजण “माय वो!” म्हणून अशी काही हाक मारी की काळीज हलावं. आणि पोलिस? पोलिस कडुनिंबाच्या सावलीत एका रांगेत उभे! पलीकडे गावकरी भिंतीशी बसून शेंगा खात होते.

एका बाईने सरकून मला जागा केली. “बसा ना भाऊ. सुरू नाही झालं अजून.”

“काय सुरू नाही झालं?”

“मोठे साहेब याचे बाकी हायेत ना!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा जमादाराकडे गेलो. “जमादार, ही माणसं दिसत नाहीत तुम्हाला?”

“दिसतात ना जी,” जमादार शांतपणे म्हणाला. “सकाळपासून पडले हायेत बिचारे. ऊन लागून राह्यलं त्याहिले.”

“आणि तुम्ही उभे?”

“साहेब आल्याबिगर हात लावाचा नाही, अशी ऑर्डर हाये. आता कसं हाये बाबूजी, हे समदं...”

“पुरे! एक शब्द बोलू नका!”

तो बिचारा खरंच बोलला नाही.

मी पहिल्या जखमीपाशी बसलो. त्याने एक डोळा उघडला आणि क्षीण आवाजात विचारलं, “भाऊ, बिडी हाये काय?”

मरणाऱ्याची शेवटची इच्छा! मी सावलीतल्या एका शिपायाकडून बिडी हिसकावून आणली, स्वतः पेटवली, त्याच्या ओठांत ठेवली. त्याने झुरका मारला आणि पुन्हा “माय वो” सुरू केलं. आता आवाज जरा बरा लागत होता.

शेवटच्या माणसाच्या छातीवर चिठ्ठी टाचलेली: ‘मृत’. पण छाती वरखाली होत होती! म्हणजे पोलिसांनी माणूस जिवंत असतानाच त्याचा निकाल लावून टाकला होता. मी ओरडलो, “अहो, हा जिवंत आहे!”

“नाही जी, मेलो मी,” तो डोळे न उघडता म्हणाला. “हात नोका लावू.”

“कोणी सांगितलं तुला?”

“फौजदारानं.”

फौजदाराने सांगितलं म्हणून नागरिक स्वतःला मेलेला समजतो! स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली आणि ही दहशत! (हा पुंडलिक. दंडारीत राजाचं काम करायचा. प्रेताला एकही संवाद नाही म्हणून तो सकाळपासून रुसलेला होता, हे मला काय ठाऊक?)

फाटकातून एक बैलबंडी आत येत होती. कापसाने भरलेली, हाकणारा मारोती नावाचा परगावचा शेतकरी. मी बैलांसमोर आडवा झालो. “कापूस खाली टाक!”

“कायले?”

“माणसं मरताहेत म्हणून!”

परगावचा असल्यामुळे त्या आवारात माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच निघाला. आम्ही दोघांनी कापूस उतरवला आणि पुंडलिकाला उचलून बंडीत टाकला. तो लाथा झाडत होता, मी त्याला झटके समजलो. मग आणखी दोघांना ओढत आणलं.

“आमाले पोलिसच नेतीन जी!” एकजण गयावया करू लागला. “तुमी नोका नेऊ!”

“घाबरू नका,” मी म्हणालो. “माझं वर्तमानपत्र तुमच्या पाठीशी आहे.”

मग मी बंडीच्या धुरीवर, म्हणजे पुढच्या दांड्यावर, चढलो आणि जनतेला दोन शब्द सांगितले. पोलिस खातं, त्याची माणुसकी, साहेबाची वाट पाहणारी संकटं, सगळं आलं त्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, हेही सरावातच आहे. माझ्या भाषणाला तोवर कधी टाळ्या पडल्या नव्हत्या. म्हणून मी ते थोडं लांबवलं. थोडंच.

तेवढ्यात रस्त्यावर साहेबांच्या जीपची वाट पाहत उभा असलेला राऊत फौजदार धावत आला. “अहो, काय करून राह्यले तुमी?”

“जे तुम्ही करायला हवं होतं ते!”

त्याने मला थांबवायला जोरात शिट्टी फुंकली. आता ठरलं असं होतं, की फौजदाराची शिट्टी झाली की जिनाचा भोंगा वाजवायचा, म्हणजे सराव सुरू. भोंग्यावरच्या माणसाने हुकूम पाळला. भोंगा असा काही केकाटला की बैलांनी चौखूर उधळून फाटक गाठलं. मागचे दोन जखमी उड्या मारून उतरले आणि धावत जाऊन आपापल्या जागी पडले. शिस्त पाहा! पुंडलिक मात्र बंडीसकट चिंतामणीच्या देवळाच्या दिशेने गेला. मागे मारोती धावतोय. आणि मी धुरीवरून खाली. काडकन आवाज आला. तो बंडीचा नव्हता.

रस्त्यावर धूळ दिसू लागली. जीप! फौजदार माझ्याजवळ उकिडवा बसला.

“लागलं काय?”

“पाय मोडला!”

“खरोखर?”

“अहो, खरोखर!”

“मग उठू नोका. बिलकुल उठू नोका.” त्याने धापा टाकत सगळा प्रकार सांगितला. कळेने माझी वाचा बसली होती, म्हणून एका सरकारी माणसाला प्रथमच पूर्ण बोलता आलं. “आठ मानसं दाखवाची कबूल केली साहेबाले. सात भरले तर म्हनतीन, या फौजदाराले मेलेला मानूसही सांभाळता येत नाही. आजच बदली होईन माही. पोरगी यंदा मॅट्रिकले बसून राह्यली, तिले मधातच कुठं नेऊ? आन हे लचांड कोनाच्या लेखानं आलं माह्या मानेवर?”

मी दात आवळून म्हणालो, “ठीक आहे. पण मला किरकोळ जखमी दाखवा.”

“किरकोळ भरले. मेलेल्याचीच जागा खाली हाये.”

साहेब उतरले आणि सराव सुरू झाला. नियम असा होता: आधी गंभीर जखमी उचलायचे, मग किरकोळ, मेलेला सगळ्यात शेवटी. मी पडल्या पडल्या पाहत होतो. बादल्यांची साखळी झाली, शिडी लागली, गर्दी मागे हटली, बाजांवरून जखमी तंबूत जाऊ लागले. काम ठीक चाललं होतं. एवढंच म्हणेन. मोडलेल्या पायाने याहून जास्त स्तुती होत नाही. मी प्रत्येक बाजेला हाक मारत होतो आणि शिपाई सांगत होते, “दमा जी, तुमचा नंबर शेवटी.”

साहेब छडी हलवत माझ्यापाशी थांबले. “राऊत, हा कोण?”

“मेलेला आहे, साहेब.”

“मेलेला ओरडतो?”

“नवा आहे, साहेब. दंडारीतला नाही.”

“अहो, माझा पाय खरंच मोडलाय!” मी किंचाळलो. “मी पत्रकार आहे!”

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. “प्रेताला धंदा कशाला दिला? उगाच गुंतागुंत. याला गप्प राहायला सांगा.” आणि ते पुढे गेले.

मी ‘राखेला पहारा’ लिहिणारा माणूस! फौजदाराने माझ्याकडे हात जोडून पाहिलं. मी रुमाल तोंडात कोंबला.

अखेर मला तंबूत नेलं. तिथे कंपाउंडर गेरूवर मन लावून पट्ट्या बांधत होता. माझ्याकडे तो फिरकलाच नाही, कारण मेलेल्याला तपासायचं नसतं. माझ्या तोंडावरून चादर तेवढी ओढली. साहेब चहाला बसल्यावर फौजदार धावत आला, चादर काढली, आणि साहेबांना सगळं खरं सांगून त्यांच्याच जीपमधून मला यवतमाळच्या इस्पितळात पोचवलं. खड्डे चुकवायला जमादार वाटभर ड्रायव्हरला शिव्या देत होता आणि माझा पाय त्याने स्वतःच्या मांडीवर धरला होता. कळंबच्या पोलिसांनी त्या दिवशी खरोखर वाचवलेला माणूस एकच. मी ती बातमी दिली नाही. फौजदाराची बदली झाली नाही. पोरगी कळंबलाच मॅट्रिक झाली.

इस्पितळात माझा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला असताना पुंडलिक भेटायला आला. पेरू घेऊन आला होता, पण चेहरा उतरलेला.

“खरं कळाच्या आधीच साहेबानं शेरा मारला जी,” तो म्हणाला. “जखमी उत्तम, मेलेला कच्चा. अन मेलेल्यापुढं नाव माहं लिहून होतं! गावभर हासून राह्यले मले. दंडारीतला राजा म्हने, अन साधं मरता येत नाही.”

मी ओशाळून म्हणालो, “पुंडलिक, चुकलं रे. पण मी तरी काय करणार होतो?”

त्याने एक पेरू पुसून माझ्या हातात दिला. मग धंद्यातल्या माणसाने नवशिक्याला सांगावं तसं हळूच म्हणाला, “बाबूजी, राग नोका मानू. पन मेल्यावर मानसानं इतकं बोलू नये.”