फ्रिजची वेठ

"इन्सुलिन आहे का सुकट आहे रे ते? चुलीवर टांगलंस?"

डॉक्टर असं म्हणाला आणि रांगेतली सगळी माणसं हसली. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच.

गाढवपणा माझाच होता, तो सांगून टाकतो. आमच्या घरात जे जपायचं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. नागलीचं बियाणं, वरईचं बियाणं, सुकट, पोरीच्या शाळेचे कागद. धुराने कीड लागत नाही, उंदीर फिरकत नाही. डॉक्टर म्हणाला होता, "ही बाटली जिवापाड जप." मी जपली. फडक्यात बांधून बियाण्याच्या शेजारी ठेवली. खाली दोन्ही वेळचा जाळ. औषध कधीच मेलं होतं आणि मी नेमाने ते पोटात टोचत होतो. साखर चढत गेली. अंगठ्याची जखम भरेना. डोळ्यांपुढे धुकं.

आमचा पाडा सूर्यमाळच्या बाजूला. इथे माणसं खपाटीला गेलेल्या पोटाने मरताना पाहिलीत. त्यामुळे माझ्या रक्तात साखर जास्त झाली हे ऐकून बायको म्हणाली होती, "चहाला मिळत नाय, आन् तुझ्या अंगात कुठून आली?" मलाही हे शेठ लोकांचं दुखणं चुकून आमच्या पाड्याची वाट चढून आलं असावं, असंच वाटायचं.

डॉक्टरने नवी बाटली दिली. "ही पण शिजवलीस तर पाय कापावा लागेल," म्हणाला. दारातल्या सिस्टरने हळूच सांगितलं, "दादा, फ्रिज नसेल तर वाळूत मडकं पुरा. वाळू सारखी ओली ठेवा. गार राहतं."

सारखी ओली. वैशाखात. आमच्याकडे विहिरीच्या तळाला बायका वाटीने पाणी खरवडतात. टँकर आला की हंड्यांवरून भांडणं. औषधाला पाणी पाजू का पोरीला?

म्हणून मी ठेकेदाराच्या दारात गेलो.

पाड्यावरून खाली उतरलं की डांबरी रस्त्याला त्याचं घर. तो रस्ता त्याच्याच ठेक्यातला. खडी आम्ही फोडलेली. घरात फ्रिज, वीज गेली तर इन्व्हर्टर. शेठ म्हणाला, "ठेव की. माणुसकी म्हणून काही आहे का नाही?" मी हात जोडले. मग वहिनी, म्हणजे शेठची बायको, म्हणाली, "पण पुढून येऊ नकोस हां. मागून हाक मार. आणि डब्यात घालून आण, आमच्या दुधादह्याला लागायला नको."

तर रोज सकाळ-संध्याकाळ मी मागच्या दाराशी. मोरीजवळ, पायरीच्या खाली. वहिनी डबा वरून सोडायची, मी ओंजळीत झेलायचो. बाटली पडली असती तर? पण तिचा हात माझ्या हाताला लागता कामा नये. मोरीच्या आडोशाला सुई टोचायची, डबा परत द्यायचा, आणि वाटेवरच्या मोहाखाली बसून फडक्यातली भाकर खायची. सुई टोचली की लगेच खावं लागतं, नाहीतर साखर एकदम कोसळते. हे दवाखान्यात पक्कं बजावलेलं.

आधी वहिनी म्हणाली, "आलाच आहेस तर दोन लाकडं फोड." फोडली. मग टाकी भर. मग गोठा लोट. शेठ गमतीत म्हणायचा, "फ्रिजचं भाडं!" मीही हसायचो. पाड्यावर रंगवून सांगायचो की माझं औषध बघा कसं बंगल्यात राहतं, गारव्यात झोपतं, आणि मालक उन्हात लाकडं फोडतो. लोक हसून लोळायचे. बायको हसायची नाही.

माझा आजा याच लोकांच्या बापजाद्यांच्या शेतावर वेठीला जायचा. हाक आली की आपलं शेत टाकून जायचं. आश्रमशाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, वेठ गेली. मीही परीक्षेत तसंच लिहिलं. ती कुठे गेली नव्हती. फ्रिजमध्ये जाऊन बसली होती.

त्या दिवशी शेठकडे ठाण्याचे पाहुणे होते. जव्हारला उतरून, शिरपामाळ बघून आलेले. अंगणात मांडव, आमरसाचा बेत. मी सुई टोचली, डबा दिला आणि भाकरीचं फडकं सोडायला लागलो, तेवढ्यात शेठ आला.

"अरे, टेम्पोतल्या खुर्च्या उतरव आधी."

"शेठ, सुई घेतलीय. दोन घास खातो न् येतो."

"पाहुण्यांसमोर भाकर चघळत बसणार काय? आधी काम, मग खा."

मी फडकं फाटकाला अडकवलं. का अडकवलं? आजही स्वतःला विचारतो. बाटली त्याच्या घरात होती, म्हणून. उद्या "घेऊन जा" म्हणाला तर पाय जाईल, म्हणून.

खुर्च्या उतरवल्या. मग टेबलं. मग पाण्याचे जार. ऊन डोक्यावर. अचानक गुडघे माझे राहिले नाहीत. अंगावर गार घाम. हात लटलटायला लागले. जार निसटला, फुटला. मी तिथेच बसलो, भिंतीला टेकून.

"सकाळीच टाकून आलाय वाटतं," एक पाहुणा म्हणाला.

"यांचं असंच," शेठ म्हणाला.

जीभ जड झाली होती. जेमतेम बोललो, "वहिनी, साखर द्या. चमचाभर."

वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ऐका! डायबेटीस आहे म्हणून आमचा फ्रिज अडवलाय, आणि साखर मागतोय. नाटकं नुसती!"

मांडवभर हसू. या वेळी मला हसता आलं नाही. तोंडच हलत नव्हतं.

फाटक दिसत होतं, फडकं दिसत होतं. तिथवर जाणं शक्य नव्हतं. मोरी घराच्या कोपऱ्यापलीकडेच होती. रांगत गेलो. पन्नाशीला आलेला माणूस, लग्नाच्या वयाच्या पोरीचा बाप, चार पायांवर. मोरीत पाहुण्यांचे खरकटे ग्लास पडले होते. तळाशी उरलेलं सरबत. एकेक ग्लास तोंडाला लावला. एकात सिगारेटचं थोटूक होतं. ते बोटाने बाजूला केलं आणि प्यालो.

"शी!" कुणीतरी म्हणालं.

हळूहळू हात थांबले. नजर आली. तोंडात सरबताची आणि राखेची चव होती. मी भिंत धरून उभा राहिलो. मागच्या दाराशी गेलो नाही. अंगणातून, मांडवातून, पुढच्या दाराच्या पायरीवर चढलो.

"माझी बाटली द्या."

"आं? संध्याकाळी ये," वहिनी म्हणाली.

"आत्ता द्या."

शेठ म्हणाला, "नेलीस तर परत ठेवून घेणार नाही, सांगून ठेवतो. मग येशील पाया पडत."

"द्या."

वहिनीने डबा आणला आणि सवयीने वरून सोडायला गेली. मी हात पुढे केला नाही. ती तशीच उभी. पाहुणे बघत होते. शेवटी तिने डबा माझ्या हातात ठेवला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. काही झालं नाही. आभाळ तिथेच होतं.

फाटकावरचं फडकं घेतलं, टेम्पोच्या आडोशाला भाकर खाल्ली आणि चढ चढून घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. सवयीने रंगवून सांगायला लागलो, की काय सरबत होतं, फुकटचं. अर्ध्यातच रडू फुटलं.

तिने कोपऱ्यात खड्डा खणला, वाळू टाकली, मडकं बसवलं. प्यायच्या हंड्यातलं पाणी तांब्याने त्या वाळूवर ओतलं. हंडा तळाला गेला.

मी म्हणालो, "आन् पाणीच नाय मिळालं तर? बाटली पुन्हा खराब झाली तर?"

"तर मरशील," ती म्हणाली. "आपल्या घरात मरशील. त्यांच्या मोरीत नाय. ऊठ, हंडा घे. दोघं जाऊ पाण्याला."