ड्रायव्हरशी बोलू नये

साथीमुळे बसगाड्या बंद होऊन तीन आठवडे झाले, तरी ड्रायव्हरसाहेब रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट चढवून घरामागच्या डेपोत जात. बॅटरी उतरू नये म्हणून आपल्या गाडीचं इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवायचं, एवढंच काम. पण ऐट अशी, की जणू गाडी खच्चून भरलीय.

"आज मीपण येते," बायको म्हणाली. "भिंतींशी बोलून बोलून कंटाळले."

एकतीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्या गाडीत कधी बसली नव्हती. मास्क सारखा करून ती त्यांच्या मागच्याच सीटवर टेकली. इंजिन सुरू झालं, तशी तिच्या तोंडाचीही गाडी सुटली: गळका नळ, लेकीचा फोन, त्यांचं घोरणं.

साहेबांनी मान न वळवता वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये.'

"घरी तरी कुठे ऐकता!" ती फणकारली आणि तोंड मिटून बसली.

उभ्या गाडीत नुसतं इंजिन धडधडत राहिलं. समोरच्या आरशात त्यांना तिचा खिडकीकडे वळलेला चेहरा दिसत होता. पाच मिनिटांतच त्यांनी इंजिन बंद केलं आणि ते सीटवर मागे वळून बसले.

"अहो, बॅटरी?"

"ती उद्या बघू. लेक काय म्हणाली ते सांग."