चाखणं म्हणजे काही खाणं नव्हे

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी आहेत. सव्वीस वर्षं झाली, रोज चारशे माणसांचं जेवण करतात. मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. कारखान्यातल्या लोकांची वर्षातून एकदा होणारी तपासणी आमच्याकडेच असते, त्यामुळे भावोजींच्या दंडाला पट्टा बांधायचा मान माझा. ते मला 'मच्छर' म्हणतात, आणि तेही चारचौघांत. माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी माझी ओळख अशीच करून दिली होती, ते मी अजून विसरलेलो नाही.

तपासणीचा दिवस म्हणजे भावोजींची परीक्षाच. आधी आठ दिवस ते गोडाला शिवायचे नाहीत. आदल्या संध्याकाळी सहा वाजता जेवून घ्यायचे आणि मग गरम पाणी पीत बसायचे. त्यांचा समज असा, की रक्त म्हणजे तेलकट पातेलं. रात्रभर गरम पाणी सोडलं की सकाळी लख्ख. सकाळी सात वाजता ते कॅन्टीनमधूनच थेट माझ्यासमोर येऊन बसायचे.

"उपाशीपोटी आलात ना?" मी विचारायचो.

"काल संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही पोटात गेलेलं नाही."

"खरं?"

"तुझ्या ताईची शपथ."

ताईची शपथ ते नेहमी एवढ्या चटकन घ्यायचे, की मला ताईचीच काळजी वाटायची. मग मी रक्त काढायचो, नळी यंत्रात फिरवायचो. लाल भाग खाली बसला की वर पिवळसर, पारदर्शक पाणी दिसायला हवं. भावोजींच्या नळीत वर पाण्यात दुधाचं बोट बुडवल्यासारखं काहीतरी गढूळ दिसायचं. मी ते त्यांना दाखवलं की ते म्हणायचे, "तुझं यंत्र नीट धुवत जा."

मी त्यांचं रक्त घ्यायला लागल्यापासून तिसऱ्या वर्षी मात्र कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. ट्रायग्लिसराइड तीनशे ऐंशी, कोलेस्टेरॉल दोनशे सत्तर, आणि आकडे वर्षागणिक चढतेच. बाईंनी सरळ सांगितलं, "सहा महिने देते. आकडे खाली आले नाहीत तर तुम्हाला शेगडीपासून उठवून कूपन घ्यायच्या खिडकीवर बसवा, असं मला लिहून द्यावं लागेल."

कूपनाची खिडकी! तिथं दिवसभर कागदाचे तुकडे डब्यात टाकायचे. ज्या माणसानं सव्वीस वर्षं पातेल्यावर राज्य केलं, त्याला हे म्हणजे जिवंतपणी फोटोत बसवण्यासारखं. भावोजी घरी आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, यंत्रच बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं असं मला त्या दिवशी वाटलं.

मग ताईनं कंबर कसली. घरातली तेलाची बरणी शेजारणीला देऊन टाकली. धान्य मोजायचा नाजूक वजनकाटा आणला. उकडलेला दुधी, उकडलेला कोबी, उकडलेलं गाजर. एकदा तर तिनं काकडीही उकडली. भावोजी ते निमूटपणे गिळायचे. नवऱ्यापुढे आपण चमचमीत कसं खायचं, म्हणून ताईही तेच खायची. चार महिन्यांत ती एवढी वाळली, की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. भावोजींच्या कमरेचा पट्टा मात्र होता त्याच भोकात.

नातेवाईक काय, बोलायला टपलेलेच. "आचाऱ्याची बायको, तेलाला हात सढळच असणार," असं माझी सख्खी आईच म्हणाली. त्या दिवसानंतर ताई आईकडे जेवायला आली नाही.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं, मीही सोबत गेलो. म्हणाल्या, "या वेळी उपाशी यायची गरज नाही. रोज जेवता तसं जेवून या. आणि तीन दिवस काय काय खाल्लं ते लिहून आणा."

भावोजींचा चेहरा पडला. "जेवून? बाई, मग तर आकडा आभाळाला भिडेल!"

"नाही भिडत. साधं जेवण झाल्यावर ट्रायग्लिसराइड काही तास थोडं वर जातं. कोलेस्टेरॉल जवळजवळ होतं तिथंच राहतं. एका जेवणानं ते बिघडत नाही, आणि एका रात्रीच्या उपाशीपोटानं सुधारतही नाही. तुम्ही रोज काय खाता, ते त्यात दिसतं."

म्हणजे गरम पाण्याचं सगळं शास्त्र वाहून गेलं. मी आनंद लपवायचा प्रयत्न केला, पण तो तितकासा जमला नाही.

ताईनं यादी केली. तिच्या सुवाच्य अक्षरात, वजनासकट. गाजर शंभर ग्रॅम, भात ऐंशी ग्रॅम, तेल नाही. बाईंनी ती दोनदा वाचली, नवे आकडे पाहिले, ते होते तिथंच होते. मग भावोजींच्या पोटाकडे पाहिलं, मग ताईकडे. "एवढंच खातात? मला खरं सांगितलंत तरच मी मदत करू शकेन."

ताईनं यादीची घडी करून पिशवीत टाकली. बाहेर आल्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अरे, त्यांना वाटलं मी खोटं लिहिलं. चार महिने मी काकडी उकडतेय, आणि खोटारडी मीच!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि पहाटे पाचला कॅन्टीनमध्ये हजर झालो. हातात चार कप्प्यांचा डबा. "प्रयोगशाळेला कॅन्टीनच्या जेवणाचे नमुने हवेत," अशी थाप मारली.

भावोजी खूश. "घे की! दुनियेला कळू दे आम्ही काय घालतो लोकांना."

मी ठरवलं होतं, ते जेवढं तोंडात टाकतील तेवढंच मी डब्यात टाकायचं. ना कमी ना जास्त.

सकाळी सव्वापाचला दूध तापलं. भावोजींनी वरची साय पळीनं उचलली, डाव्या तळहातावर घेतली आणि चाटली. "दूध नासलेलं नाही ना ते बघावं लागतं," त्यांनी मला समजावलं. मी तेवढीच साय डब्यात टाकली आणि कागदावर एक रेघ मारली. दुसरं पातेलं, पुन्हा साय. कारण एक पातेलं चांगलं म्हणजे दुसरं चांगलं असेलच असं नाही. मग रश्श्याचा मसाला तेलात परतला. तो कच्चा तर नाही? तळहात. पाच मिनिटांनी, आता तर कच्चा नाही? तळहात. बटाट्याच्या काचऱ्यांचे चौदा घाणे निघाले, आणि प्रत्येक घाण्यातली एकेक काचरी कुरकुरीत झाली का म्हणून त्यांच्या दाताखाली गेली. कोंबडीच्या रश्श्याला उकळी यायच्या आधी, उकळी आल्यावर, झाकण ठेवायच्या आधी, झाकण काढल्यावर. आणि दर वेळी चाटून झालं की डोळे अर्धवट मिटून स्वतःशीच म्हणायचे, "बरोब्बर."

मी मधेच विचारलं, "भावोजी, सकाळपासून काही खाल्लंत का हो?"

"कुठलं खातोय? पाणी प्यायला फुरसत नाही," ते वैतागून म्हणाले, आणि तळहात चाटला.

त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. हा माणूस तीन वर्षं माझ्यासमोर खोटं बोलत नव्हता तर! तपासणीच्या सकाळी पाच ते सात हे असंच चाललेलं असणार. त्यांच्या लेखी ताट घेऊन, बसून खाल्लं तर ते जेवण. उभ्यानं, पळीतून, तळहातावर जे जातं ते काम. सुताराच्या नाकात भुसा जातो, तसा यांच्या पोटात रस्सा.

दहा वाजता डब्याचा तिसरा कप्पा भरला. दुपारी दोनला झाकण दाबून लावावं लागलं. कागदावर चौऱ्याहत्तर रेघा होत्या. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते मी पहिल्यांदाच कडी लावून हातात धरलं.

संध्याकाळी भावोजींच्या देखतच मी डबा ताईपुढे ठेवला आणि हकीकत सांगितली. तिनं वजनकाटा काढला. चारही कप्पे मोजले. एक किलो दोनशे.

"आणि वर घरी येऊन माझं गाजर," ताई म्हणाली.

भावोजी डब्याकडे बघतच राहिले. "एवढं... एवढं मी खात नाही गं. एवढं कोण खाईल?"

"तुम्ही. आज. दुपारी दोनच्या आत."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. म्हणाले, "मग संपलंच. चाखल्याशिवाय मला स्वयंपाक येत नाही. चाखलं तर खिडकी, नाही चाखलं तरी खिडकी."

आता मला माझा कागद काढावाच लागला. "भावोजी, तुम्ही चौऱ्याहत्तर वेळा चाखलंत. त्यानंतर चिमूटभर मीठ किंवा तिखट वाढवलंत, असं किती वेळा झालं असेल?"

"असेल की दहा-बारा वेळा."

"एकदाही नाही. वाढवलंत की रेघेला फुली मारणार होतो, कागदावर एकही फुली नाही. दर वेळी तुम्ही 'बरोब्बर' म्हणालात आणि पुढे गेलात."

ताईनं विचारलं, "याआधी कधी कमी निघालं होतं?"

भावोजींनी बराच विचार केला. बोटांवर मोजलं. "एकदा. नवीन होतो तेव्हा."

"मग का चाखता हो?"

ते मान खाली घालून डाव्या तळहाताकडे बघत राहिले. मग एवढ्या हळू बोलले, की मला पुढे वाकावं लागलं.

"अगं, चारशे माणसं जेवून जातात. स्वयंपाकघराच्या खिडकीशी येतात ती ओरडायला. मीठ जास्त, भात गार, पाव शिळा. सव्वीस वर्षांत चांगलं झालंय म्हणून कोणी सांगायला आलेलं नाही. मग मीच म्हणतो. तेवढंच बरं वाटतं."

एरवी मी यावर काहीतरी टोमणा मारला असता. त्या वेळी मारता आला नाही.

ताई उठली. तिनं ताट घेतलं आणि डब्यातला रस्सा गरम केला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण कॅन्टीनमधून काही घरी आणायचं नाही हा भावोजींचा नेम, आणि घरच्या चुलीला ते हात लावत नसत. तिनं नवऱ्याच्या हातचं कधी खाल्लंच नव्हतं. ती सावकाश जेवली. चार महिन्यांच्या उकडलेल्या दुधीनंतर काचऱ्या, रस्सा, साय. आम्ही दोघं समोर बसून नुसतं बघत होतो. शेवटचा घास झाल्यावर तिनं बोटं चाटली, डोळे अर्धवट मिटले आणि म्हणाली, "बरोब्बर."

भावोजींनी चष्मा काढून पुसला. त्यावर काही पडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि चौऱ्याहत्तर रेघांचा कागद टेबलावर आपटून आली. बाईंनी तिची माफी मागितली आणि आणखी तीन महिने दिले. घरात तेलाची बरणी परत आली, लहान का होईना. भावोजींनी चहाचा एक चमचा जवळ ठेवला. एका पातेल्याला एकदाच, तेही सगळं झाल्यावर. कॅन्टीनच्या व्यवस्थापकांना विचारून ते ताईसाठी एक छोटा डबा पाठवायला लागले, आणि दुपारी एक वाजता ताईचा फोन कॅन्टीनमध्ये वाजायला लागला. फोनवर ती एकच शब्द बोलते. कधी मुद्दाम "मीठ कमी" म्हणून छळतेही, असं ऐकलंय.

तीन महिन्यांनी भावोजी दुपारी माझ्यासमोर येऊन बसले. मी पट्टा बांधला, रक्त घेतलं, नळी फिरवली. वरचं पाणी पिवळसर, आणि त्याच्या आरपार माझं बोट दिसत होतं. आकडे पुढे यायचे होते. ते आले तेव्हा ट्रायग्लिसराइड एकशे ऐंशी निघालं. कोलेस्टेरॉल अजून थोडं जास्तच होतं, पण उतरणीला लागलं होतं. बाईंनी शिक्का मारला आणि शेगडी वाचली.

पण मला आकड्यांआधीच कळलं होतं. सुई लावायच्या आधी मी नेहमीप्रमाणे फॉर्म भरत होतो.

"आज काय खाल्लंत?"

"दोन पाव, भाजी, थोडा भात," भावोजी म्हणाले. मी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"आणि तीन चमचे," ते म्हणाले. "तेही लिही, मच्छर."