थांबली की गेली

आमच्या बेंगळूरच्या मराठी लोकांत दोन पक्ष होते. इलेक्शनशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. एक 'थांबली'वाले आणि दुसरे 'गेली'वाले. भांडण होतं एका जुन्या सिनेमावरून. आडरानातल्या रेल्वे स्टेशनवर घडणारा विनोदी सिनेमा, काळापांढरा, माझ्या जन्माच्याही आधीचा. त्यातल्या स्टेशनमास्तरचं एका शाळामास्तरणीशी लग्न झालेलं असतं आणि बायको नांदायला यायची असते. पहिल्या खेपेला तिची ट्रंक उतरते आणि ती झोपेत पुढे जाते. दुसऱ्या खेपेला ती उतरते, ट्रंक पुढे जाते. शेवटी दोघी एकदाच्या पोचतात, तर स्टेशनात एक गळकी खोली, एक शेळी आणि चहूकडे माळ. ती म्हणते, माझी शाळा तिकडं आहे, तुम्हीच चला तिकडं. तो म्हणतो, स्टेशन सोडून कसा येऊ? कडाक्याचं भांडण होतं. ती ट्रंक उचलून रूळ ओलांडते, पलीकडच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत उभी राहते. तो अलीकडे. गाडी येते, दोघांच्या मधे उभी राहते, शिट्टी होते.

आणि संपलं! गाडी निघून गेल्यावर पलीकडे ती उभी आहे की फलाट रिकामा, हे सिनेमा सांगतच नाही. वर्षानुवर्षं आम्ही त्यावर भांडलो. लग्नकार्यात, बारशात, बसवनगुडीतल्या भाजीवाल्यापुढे पिशवी धरूनसुद्धा. मुंबईपुण्याचा एखादा पाहुणा "अहो, त्याच्या पुढे आहे की" असं म्हणायचा, तर आम्ही त्यालाच वेड्यात काढायचो.

हा सिनेमा आम्ही बघायचो तो आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. रिळांची पेटी रेल्वेनं यायची आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला, त्यामुळे पेटी सोडवून आणणं, रिळं तपासणं, लावणं, सगळं त्यांच्याकडे. सिनेमा झाला की लगेच आरती. पडद्यावर गाडी आडवी आली की अण्णा खणाखणा घंटा वाजवायचे, दिवे लागायचे आणि सगळे हात जोडून उभे राहायचे. मला तर लहानपणी वाटायचं, सगळेच सिनेमे आरतीनं संपतात.

अण्णा 'थांबली' पक्षाचे पुढारी. आणि 'गेली' पक्षाची पुढारी माझी आई! आता यात हसण्यासारखं काही नाही, कारण आई सिनेमाबद्दल बोलतच नव्हती. लग्नाआधी ती मिरजेला मुलींच्या शाळेत शिकवायची. लग्न होऊन बेंगळूरला आली, शाळा सुटली. इथं ना भाषा येत होती, ना कुणी ओळखीचं. मिरजेला परत जायचं, तिथंच संसार करायचा, एवढं एकच तिनं आयुष्यभर मागितलं. अण्णा म्हणायचे, "बदली मिळत नाही गं. मी काय करू?" ते निवृत्त झाले, ती कन्नडमधून भांडायला शिकली, तरी सिनेमाचा विषय निघाला की तिचं ठरलेलं, "थांबेल कशाला? काय होतं तिथं थांबण्यासारखं?" अण्णांचा चेहरा पडायचा. ते म्हणायचे, "थांबली. मायेनं थांबली." आई कन्नडात म्हणायची, "सरी." म्हणजे, बरं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मंडळाला उत्साह आला की आपण एक पुस्तक काढावं. मी बँकेत नोकरी करायचे आणि दिवाळी अंकांत बऱ्यावाईट कथा लिहायचे, तेव्हा मलाच धरलं. या सिनेमाचा पुढचा भाग कादंबरी म्हणून लिहा, एकदाचं काय ते ठरू दे, म्हणाले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. चढल्यावर कळलं की धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! ती थांबली असं लिहावं तर आई दुखावणार, गेली असं लिहावं तर अण्णा. आणि दोघंही रोज माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर.

परवानगीसाठी मी एसटीडी बूथवरून सिनेमावाल्यांच्या मुलाला कोल्हापुरात फोन केला. गृहस्थ भले होते. "खुशाल लिहा," म्हणाले. "फक्त शेवटाला धक्का लावू नका. वडिलांनी तो फार हट्टानं तसा ठेवला होता." मी म्हटलं, "छे छे, तो शेवट तर आम्हाला पाठ आहे." ते म्हणाले, "त्या काळात पुरुषानं असं करायचं म्हणजे..." आणि फोन कट झाला. पुरुषानं काय केलं? काही नाही, नुसता उभा राहिला बिचारा. माझा जीव गोंधळात पडला, पण बूथबाहेर रांग होती आणि मागचा माणूस "मेडम, स्वल्प बेग", जरा लवकर, करून कानाशी भुणभुणत होता. मी घरी आले आणि विसरून गेले.

सहा वेळा सुरुवात केली आणि सहाही वेळा फाडली. शेवटी अण्णांनी एके दिवशी चहा पुढे ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "थांबली असंच लिही. तुझ्या आईला वाचून बरं वाटेल." मला चीड आली. आईला काय बरं वाटेल हे इतक्या वर्षांनी हे मला सांगणार! पण त्यांचे डोळे बघितले आणि विरघळले. लिहिलं तसंच. गाडी गेली, ती पलीकडे उभी होती, हसली, रूळ ओलांडून परत आली. वेटिंग रूममध्ये शाळा काढली, शेळीला घंटा बांधली. सुखाचा संसार!

बेंगळूरातल्याच शिवाजीनगरच्या ज्या प्रेसमध्ये छपाई झाली, तिथले मालक उर्दू बोलणारे. मराठी पुस्तक त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. ते दरवेळी विचारायचे, "अक्का, आखिर में लेडी रुकती है ना? बीवी पूछ रही है." म्हटलं, रुकती है. ते खूश. आईनं प्रुफं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "छापायला दिलंस ना? सरी." त्या 'सरी'नं मला आठवडाभर झोप लागू दिली नाही.

प्रकाशन मंडळाच्याच हॉलमध्ये, डिसेंबरात. रिळांची पेटी यायची बंद होऊन जमाना झाला होता. तेवढ्यात इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आलेली पुण्याची एक मुलगी म्हणाली, "काकू, माझ्या मम्मीकडे त्याची कॅसेट आहे. आधी सिनेमा दाखवू, मग बुक रिलीज. परफेक्ट ना?" मला कल्पना फार आवडली. अण्णांना अजिबात नाही. "सिनेमा कशाला? सगळ्यांना पाठ आहे." मग, "टीव्हीवर नीट दिसत नाही." मग, "वेळ फार जाईल." मी म्हटलं, "अण्णा, तुमचाच तर लाडका सिनेमा! आज काय झालंय तुम्हाला?" कार्यक्रमाला येताना मात्र पिशवीत घंटा घेऊन आले.

पुढे काय झालं ते आठवलं की अजून मला हसावं की रडावं कळत नाही. टीव्हीवर गाडी आडवी आली, शिट्टी झाली, अण्णांनी जोरात घंटा वाजवली. आणि आमची जुनी मंडळी खुर्च्या सरकवून हात जोडून उभी राहिली! समोर गणपती नाही, तबक नाही, डिसेंबर महिना. एका काकांनी 'सुखकर्ता' सुरूसुद्धा केलं. पुण्याची मुलगी ओरडली, "अहो, बसा ना सगळे! अजून शिल्लक आहे सिनेमा!"

सगळे उभेच राहिले. टीव्ही चालू होता. गाडी हळूहळू निघून गेली आणि पलीकडचा फलाट रिकामा होता.

'गेली'वाल्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, पण सिनेमा थांबायला तयार नव्हता. स्टेशनमास्तर त्या रिकाम्या फलाटाकडे बघत राहिला. मग त्यानं टोपी काढून शेळीच्या शिंगाला अडकवली, हिरवं निशाण तिच्या पुढ्यात टाकलं आणि रुळांवरची ट्रॉली ढकलत गाडीच्या मागे धूम पळत सुटला. मागच्या रांगेतली नवी पोरं खो खो हसत होती. आणि अगदी शेवटी तिच्या गावची शाळा, आत ती शिकवतेय, आणि बाहेर हा शिपाई होऊन शाळेची घंटा देतोय. पोरं धावत सुटतात, ती दारात येते, त्याच्याकडे बघते. मग 'समाप्त'.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी घंटेचा लोलक मुठीत गच्च धरून ठेवला होता. तेव्हा आई बोलली. मोठ्यानं नाही, पण आमच्या रांगेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हणजे जाता येत होतं."

त्यानंतर पुस्तकाचं प्रकाशन झालं. करणार काय, गठ्ठे समोर होते! अध्यक्ष होते एक निवृत्त प्राध्यापक. या सिनेमाचं मोठेपण काही न सांगता संपण्यात आहे, असं भाषण त्यांनी लिहून आणलं होतं आणि त्यांनी ते तसंच्या तसं वाचलं. मी सत्काराचा नारळ धरून उभी, आणि पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ती पलीकडे हसत उभी! पुण्याची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "काकू, हे ऑल्टरनेट एंडिंग आहे का?" माझं कपाळ! तेवढ्यात 'सुखकर्ता'वाले काका आले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. पुस्तक बरोबर आहे. सिनेमाच चुकलाय." दुसऱ्या कुणी म्हटलं, कॅसेटवाल्यांनी नंतर जोडलं असेल. आपण नक्की कशाचा पुढचा भाग लिहिला हे मला समजेना. जो सिनेमा बेंगळूर सोडून कुठंच नव्हता, त्याचा?

घरी आल्यावर आईनं चप्पल काढायच्या आधी विचारलं, "हे तुम्ही पाहिलं होतं?"

अण्णा म्हणाले, "हो."

"कधी?"

"लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत. आदल्या दिवशी रिळं तपासताना. तू तेव्हा मिरजेच्या नावानं रोज रडायचीस." ते खुर्चीत बसले. "वाटलं, हे बघितलंस तर म्हणशील, बघा, त्यानं केलं, तुम्ही का नाही? म्हणून घंटा वाजवली. एकदा वाजवल्यावर मग दरवेळी वाजवावी लागली."

"आणि बदलीचा अर्ज?"

मला वाटलं, अण्णा आता खोटं बोलतील. बोलावं, असंही वाटलं, देवाशपथ. ते म्हणाले, "केलाच नव्हता. इथं माझी माणसं होती. तिथं मी कोण असतो? तुझा नवरा."

आई म्हणाली, "मी इथं तेच होते." आणि आत गेली.

त्यानंतर कित्येक दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, औषध द्यायची, पण सगळं माझ्यामार्फत. "यांना विचार भात हवा का." मधल्या मधे माझं भरीत! मला अण्णांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं, दोन्ही एकदमच. एकीकडे लोक पुस्तकाबद्दल फोन करत होते, छान आहे म्हणत होते. मी "थँक्यू" म्हणायचे आणि फोन ठेवून रडायचे. आईला म्हटलं, "मी दुसरी आवृत्ती वेगळी लिहू?" ती म्हणाली, "तुझ्या लिहिण्यानं माझी शाळा परत येणार आहे?"

मग एका सकाळी ती म्हणाली, "मला मिरजेचं तिकीट काढून दे."

"कुणाकडे उतरशील? तिथं आता आपलं कोण आहे?"

"शाळा आहे. इमारत तरी असेल. बघीन. चार दिवस धर्मशाळेत राहीन, नाहीतर चार महिने. मला ठाऊक नाही."

"एकच तिकीट?"

"मला एक काढ. बाकीच्यांचं मला विचारू नकोस. मी कुणाला चला म्हणणार नाही. तेव्हा खूप म्हणून झालं."

हे सगळं ती मुद्दाम मोठ्यानं बोलत होती आणि बाहेरच्या खोलीत अण्णांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. एक काढू की दोन? पर्स घेतली, चप्पल घातली, दारात उभी राहिले. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

वर्तमानपत्राच्या मागून अण्णा म्हणाले, "मिरजेला आता थंडी असेल का गं?"

त्यांनी मलाच विचारलं होतं. मी मिरज पाहिलीसुद्धा नव्हती. मी स्वयंपाकघराकडे बघितलं. आई पोळ्या लाटत होती. हातातली पोळी लाटून झाली, तव्यावर पडली, उलटली गेली.

"असते," आई आतून म्हणाली. "स्वेटर घ्यायला सांग त्यांना."