करडीच्या तेलानं बसलेली बंदूक

तुमच्या घरात खुंटीला टांगलेली बंदूक रिकामी आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

आम्हाला आबांनी सांगितलं होतं. आबा म्हणजे माझे वडील. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला होते आणि गेटवर वाटलेलं प्रत्येक पत्रक घडी घालून माझ्यासाठी आणायचे. त्या पत्रकांवर मी वाचायला शिकले आणि विशीत स्वतःची काढू लागले. एक तर दसऱ्याच्या शस्त्रपूजेविरुद्धच होतं. आबांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि पूजेला तेलाची वाटी माझ्याच हातात दिली. बंदुकीला तेल लावायचं काम लहानपणापासून माझं. मी ते त्याही वर्षी केलं. पत्रकाच्या उरलेल्या प्रती मात्र दुसऱ्या दिवशी न लाजता वाटल्या.

बंदूक दुनळी, आजोबांच्या वेळची, रानडुकरांसाठी परवाना काढलेली. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. मागच्या खेपेला आबांच्या शब्दावर तशीच घेतली होती. नव्यानं आलेले जमादार म्हणाले, "उघडून दाखवा, मंगच घेतो." मुदत दोन दिवसांची. नाहीतर परवाना गेला.

आणि बंदूक उघडेना. वरची कळ अर्धी फिरायची आणि अडायची. आबा गुडघ्यावर आपटायला निघाले.

"आत काडतूस असलं तर?" मी विचारलं.

"न्हाई. मी रिकामी करूनच टांगतो."

"शेवटची कधी उघडली?"

आबा आढ्याकडे बघू लागले. चार वर्षं तरी झाली असावीत.

अशी बंदूक मोटरसायकलवर न्यायची कशी? म्हणून कुलपं दुरुस्त करणाऱ्या चाचांनाच जालन्याहून बोलावलं. तरुणपणी ते बंदुकीच्या दुकानात कामाला होते. त्यांनी आधी सगळ्यांना मागं उभं केलं, नळ्यांची तोंडं मातीच्या ढिगाकडे केली आणि कळ हुंगली.

"कौनसं तेल लावता?"

"करडीचं," मी म्हणाले. "घरचं, घाण्याचं."

"आन हे लाल?"

"कुंकू."

चाचा हसले. "पूजा बराबर केली बेटा. पण करडीचं तेल सुकलं की लाखेसारखं बसतं. त्यात कुंकू."

आई दारातून म्हणाली, "कढईच्या काठाला चिकटतं तसंच की."

"बिलकुल तसंच, भाभी. तुम्हाला विचारलं असतं तर मला यावंच लागलं न्हसतं."

हातोडी त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. कोंबडीच्या पिसानं कळीच्या फटीत आणि बिजागरीत रॉकेल सोडलं, चिंधी गुंडाळली आणि चहा मागितला. दोन तासांत तीनदा रॉकेल सोडलं, तीनदा पुसलं. चिंधीवर दरवेळी तांबूस राळ यायची. माझ्या कितीतरी दसऱ्यांची. चौथ्यांदा अंगठ्यानं कळ दाबली तेव्हा ती सरकत पार कडेला गेली आणि नळ्या हळूच खाली झुकल्या.

डावी नळी रिकामी होती. उजवीत काडतूस होतं. भरलेलं, पितळ हिरवं पडलेलं.

दर दसऱ्याला मी त्याच नळीच्या तोंडाशी वाकून कुंकू लावत होते.

चाचांनी ते नखानं ओढून काढलं आणि आबांच्या तळहातावर ठेवलं. आबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला म्हणाले, "पत्रकात हे लिहायचं राह्यलं तुझं."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जमादारांनी बंदूक उघडली, दोन्ही नळ्यांतून आकाश पाहिलं आणि पावती दिली. काडतूसही जमा केलं. येताना आबांनी स्वतःहून मशीनच्या तेलाची बाटली घेतली. आता दसऱ्याला बंदूक आमच्याकडे उघडी ठेवूनच पुजतात, कुंकू लागतं ते तिच्यासाठी घेतलेल्या पेटीला. शस्त्रपूजेबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण त्या दिवशी तेलाची वाटी मी हसत धरते.

तुमच्याकडे बंदूक असेल, तर हे वाचून झाल्यावर परवानाधारकाला उठवा. नळ्या मातीकडे करून ती उघडायला सांगा आणि आत स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. उघडली नाही तर आपटू नका, जाणकाराला बोलवा.